बंब येईपर्यंत



इतिहासाचा मास्तर आगीवर बोलायला उभा राहिला म्हणजे तो लंकादहनापासून सुरुवात करणार, अशी तुमची अटकळ असेल. पण मी सुरुवात करतो ती आपल्याच जिल्ह्यातल्या, अगदी अलीकडच्या एका घटनेपासून. दिवस होता २२ जानेवारी २०२५. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस पाचोऱ्याजवळ, परधाडे स्टेशनच्या आसपास आली होती. डब्यात कोणीतरी 'आग! आग!' असे ओरडले. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि जीव वाचवायला म्हणून माणसे दिसेल त्या दाराने खाली उतरली. त्यातली काही शेजारच्या रुळांवर उतरली. त्याच रुळांवरून समोरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. बारा-तेरा माणसे जागच्या जागी गेली. आणि आग? डब्यात आग नव्हतीच.

ही गोष्ट ऐकली तेव्हापासून माझ्या मनात एक विचार घोळतो आहे. 'आग' हा शब्द आपल्याला सगळ्यांना येतो. तो कानावर पडला की पाय आपोआप उचलतात. पण त्याच्या पुढचे शब्द आपल्याजवळ नाहीत. कसली आग, कुठे आहे तिचे मूळ, आधी काय करायचे, नंतर काय, हुकूम कोणाचा मानायचा, हे सांगणारे शब्द गावाच्या तोंडी नाहीत. म्हणून गाव धावते, पण कुठे धावायचे ते त्याला कळत नाही. हे शब्द कोणते, आणि ते कसे जन्माला आले, एवढेच आज मी सांगणार आहे. त्यातल्या बहुतेक शब्दांमागे एखादी जळालेली इमारत उभी आहे, आणि म्हणून हा विषय इतिहासाचाही आहे.

पहिला शब्द आपल्या ओळखीचा घेऊ. बंब. आपल्या आजीच्या न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, आणि आग विझवायला येते त्या लाल गाडीलाही आपण बंबच म्हणतो. एक आग पोटात घेऊन बसणारा, दुसरा आग विझवणारा. नाव मात्र एकच. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला असे मानतात. म्हणजे बंब हा मुळात पाणी ढकलणारा पंप. बंदरावर उतरलेला हा परका शब्द मराठीने इतका आपलासा केला, की आज तो परका आहे हे सांगावे लागते.

मुंबई शहरात १८५५ साली आग विझवण्याचे काम पोलिसांकडे दिले होते. घोडे जुंपलेले बंब तेव्हा रस्त्यावरून धावत. पुढे १ एप्रिल १८८७ पासून हे काम महापालिकेकडे आले आणि मुंबईचे अग्निशमन दल खऱ्या अर्थाने उभे राहिले. आपल्या खानदेशात धुळ्याची नगरपालिका १८६२ ची आणि जळगावची १८६४ ची. दोन्ही २००३ साली महानगरपालिका झाल्या. आज शहरातून बंब निघतो तो काही मिनिटांत शहरातल्या आगीपर्यंत पोचतो. पण तुमच्या-माझ्या गावाचे काय? तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेला बंब वीस-पंचवीस किलोमीटर अंतर तोडून, फाट्यावर वळून, बैलगाड्या-ट्रॅक्टरमधून वाट काढत येणार. तोवर अर्धा-पाऊण तास जातो. हा अर्धा-पाऊण तास गावाचा असतो. आजचे बोलणे त्या अर्ध्या-पाऊण तासाबद्दल आहे.

माझ्या लहानपणचा एक प्रसंग सांगतो. गिरणेच्या काठचे आमचे छोटे गाव. उन्हाळ्याची दुपार. एकाच्या खळ्यातल्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला. 'आग लागनी रे भो!' अशी आरोळी उठली आणि सारा गाव हंडे-कळशा घेऊन धावला. जो तो गंजीवर पाणी ओतू लागला. वरचा कडबा भिजे, आतला धुमसत राही. तेवढ्यात एक म्हातारे तात्या आले. ते ओरडले, "अरे, गंजी गेली ती गेली! तिच्यावर पाणी काय वाया घालता? ते शेजारचे छप्पर ओढा खाली. गोधड्या भिजवा आणि पलीकडच्या घरावर टाका." पोरांनी छप्पर ओढले, गोधड्या टाकल्या, आणि पुढची चार-पाच घरे वाचली. पण गंजीला लागून गोठा होता, आणि गोठ्यात बैल बांधलेला होता. शंभर माणसे पाणी टाकत होती, पण दावे कापायचे एकालाही सुचले नाही. बैल गेला. त्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

तात्या शाळेत गेलेले नव्हते, पण आग विझवण्याची अर्धी विद्या त्यांना येत होती. उरलेली अर्धी कोणालाच येत नव्हती. ही विद्या आता नीट मांडून पाहू.

आग ही तीन पायांच्या तिवईसारखी असते. एक पाय इंधनाचा, म्हणजे जळणाऱ्या वस्तूचा. दुसरा उष्णतेचा. तिसरा हवेचा, म्हणजे हवेतल्या प्राणवायूचा. तिन्ही पाय असले तरच तिवई उभी राहते. यातला कोणताही एक काढला की आग कोसळते. त्यावरून विझवण्याच्या तीन रीती आणि त्यांचे तीन शब्द झाले. उष्णता काढून घेणे म्हणजे आग थंड करणे. हवा तोडणे म्हणजे आग गुदमरवणे. आणि जळण दूर करणे म्हणजे आग उपाशी ठेवणे. पाणी मारतो तेव्हा आपण थंड करतो. पेटलेल्या स्टोव्हवर ओले पोते टाकतो तेव्हा गुदमरवतो. तात्यांनी शेजारचे छप्पर ओढायला लावले, तेव्हा त्यांनी आगीला उपाशी ठेवले.

उपाशी ठेवण्याची रीत फार जुनी. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्यातल्या वस्तीला मोठी आग लागली. दाटीवाटीची घरे, लाकडाचे सज्जे, अरुंद बोळ. किल्ल्यातल्या वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. शेवटी आगीच्या वाटेतली घरे तोफा डागून पाडावी लागली, तेव्हा ती आटोक्यात आली. त्यानंतर किल्ल्याच्या भिंतीबाहेरचे मोकळे मैदान वाढवले गेले आणि पुष्कळशी वस्ती त्या मैदानापलीकडे गेली. दोन वस्त्यांमध्ये मुद्दाम ठेवलेली अशी रिकामी जागा आगीला ओलांडता येत नाही. रानात वणवा अडवायला आपण जाळरेषा काढतो, तीच ही गोष्ट.

याचे एक उदाहरण आपल्या धुळ्यातच आहे. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि नवी पेठ आखून वसवली. सरळ रस्ते, एकमेकांना समांतर गल्ल्या. धुळ्याचा माणूस आजही पत्ता सांगतो तो 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर सहा' असा. ही आखणी व्यापारासाठी होती, पण आगीच्या वेळी तिचे दोन फायदे होतात. सरळ गल्ली आगीच्या आड येते, आणि नंबर असलेली गल्ली बंबाला चटकन सापडते. आपल्या खेड्यात गल्लीला नंबर नसतो, म्हणून बंब पारावर येऊन 'कोणाच्या घरी?' असे विचारत उभा राहतो. शिक्षकहो, गावाचा नकाशा काढणे हा भूगोलाच्या तासाचा पाठ आहेच. त्या नकाशावर विहिरी, हापसे, पाण्याची टाकी आणि गाडी वळू शकेल असे रस्ते मुलांकडून दाखवून घ्या. आगीच्या वेळी तो नकाशा उपयोगी पडेल.

दुसरा शब्द इंधनाचा भार. एखाद्या इमारतीत जळण्याजोगे किती सामान भरले आहे, याला अग्निशमनाच्या भाषेत हे नाव आहे. शाळेची सहल पुण्याला गेली म्हणजे मुले शनिवारवाडा पाहतात आणि विचारतात, 'गुरुजी, वाडा कुठे आहे? इथे तर नुसती जोती आहेत.' वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळाला. पेशवाई जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. आग सात दिवस चालली असे सांगतात. तळचा दगड राहिला, तट राहिला, दरवाजे राहिले. वरचे मजले, तुळ्या, खांब, नक्षीदार छते सगळी लाकडाची होती, ती गेली. सात दिवस जळायला सात दिवसांचे जळण आत होते, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या धाब्याच्या घराकडे पाहा. वर मातीचा जाड थर, खाली लाकडाच्या तुळ्या आणि किलच्या. वरून ठिणगी पडली तर माती तिला खाऊन टाकते. या बाबतीत धाबे गवताच्या छपरापेक्षा शतपटीने चांगले. पण आतून तुळई पेटली तर गोष्ट उलटी होते. तुळई जळून बारीक होत जाते, आणि वरचा कित्येक मणांचा मातीचा भार एका क्षणी खाली येतो. म्हणून आतून जळणाऱ्या धाब्याखाली सामान काढायला जाऊ नये. तसेच ज्या घरात रॉकेल, कापूस, कडबा, खताची रिकामी पोती, प्लॅस्टिकच्या चटया असे सगळे एका खोलीत भरलेले असते, त्या घराने इंधनाचा भार आपण होऊन वाढवून ठेवलेला असतो.

आता कापसाकडे येऊ, कारण कापसावाचून खानदेशचा इतिहास पुरा होत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडला जाणे थांबले आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात आली. पुढे जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथे जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. तेव्हापासून दिवाळीनंतरचे दिवस हे आपल्याकडे कापसाचे आणि त्याबरोबर कापसाच्या आगींचेही झाले. कापसात एखादा खडा किंवा खिळा आला आणि तो जिनच्या पोलादावर घासला, की ठिणगी उडते. ती रुईत दडून बसते. कधी कधी तर गठाण बांधून होते, तरी आत ती जागी असते.

कापसाच्या आगीने केवढा घात होऊ शकतो, हे १४ एप्रिल १९४४ या दिवशी मुंबईने पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. महायुद्धाचे दिवस होते. जहाजाच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके होती, आणि त्यांच्याबरोबर कराचीला भरलेल्या कापसाच्या गठाणी. दुपारी दोनच्या सुमारास गठाणींतून धूर निघताना दिसला. बंब आले, पाण्याचे झोत सुरू झाले. नऊशे टनांवर पाणी जहाजात ओतले गेले. पण धूर इतका दाट होता की आगीचे बूड कुठे आहे, तेच सापडेना. जहाज बाहेर समुद्रात न्यावे, जागीच बुडवावे, की नुसते पाणी मारत राहावे? अधिकारी अनेक होते. एकाचा ठाम हुकूम नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आठशेहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. बाबासाहेबांच्या जयंतीमुळे ही तारीख प्रत्येक शाळेला पाठ आहे. त्याच दिवशी मुलांना या ६६ माणसांचीही आठवण सांगावी, असे मला वाटते.

या एका घटनेतून तीन शब्द शिकता येतात. पहिला, आगीचे बूड. ज्वाळा दिसतात तिथे पाणी मारून उपयोग नसतो. जळते आहे त्या जागी पाणी पोचले पाहिजे. ज्वाळा म्हणजे झाडाचा शेंडा, आणि आग मारायची असते मुळाशी. दुसरा, एक हुकूम. आगीच्या जागी दहा शहाणे एकदम बोलू लागले की आग जिंकते. तिसरा शब्द पाळत. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारखा थर असतो, म्हणून दाबून बांधलेल्या गठाणीत पाणी सहज शिरत नाही. वरून विझलेली गठाण आत दोन-दोन दिवस धुमसते. म्हणून गठाणी फोडून, वेगळ्या करून, भिजवाव्या लागतात. वर्तमानपत्रात 'आग विझली, कूलिंगचे काम सुरू' असे वाचतो ना आपण, ते हेच काम. कडब्याच्या गंजीचेही तसेच. संध्याकाळी विझली म्हणून सगळे घरी गेले, आणि पहाटे वाऱ्याने पुन्हा पेटली, असे आपण किती वेळा ऐकले आहे! विझलेल्या आगीजवळ रात्रभर दोन माणसे आणि दोन घागरी ठेवल्या पाहिजेत.

आतापर्यंत मालमत्तेचे बोललो. आता माणसांचे. इमारतीच्या आगीत माणूस बहुधा ज्वाळेने मरत नाही, आधी धुराने मरतो. जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने माणूस गुंगतो आणि पडतो. प्लॅस्टिक, फोम, रबर जळले तर धूर अधिकच जहरी होतो. पण धुराचा एक स्वभाव आपल्या उपयोगाचा आहे. तो आधी वर जातो, आढ्याशी साठतो आणि तिथून थराथराने खाली येतो. जमिनीलगत हातभर तरी हवा बराच वेळ बरी राहते. म्हणून धुरातून बाहेर पडायचे ते ताठ चालत नव्हे, रांगत. हाताशी पाणी असेल तर ओला पंचा नाकातोंडावर धरावा, पण तो शोधण्यात वेळ घालवू नये. बंद दार दिसले तर आधी हाताची मागची बाजू लावून पाहावे. दार तापलेले असेल तर ते उघडू नये. पलीकडे आग आहे.

इथे फायरमन लोकांचे दोन इंग्रजी शब्द सांगितले पाहिजेत, कारण ते आता मराठीतही वापरतात. पहिला फ्लॅशओव्हर. खोलीच्या कोपऱ्यात आग लागली, की तिच्या धगीने खोलीतल्या बाकीच्या वस्तू तापत जातात. एका वेळी सगळे एकदम पेटते, गाद्या, कपडे, लाकूड, सगळे. 'अजून कोपऱ्यातच आहे, पेटी घेऊन येतो' असे म्हणून आत गेलेला माणूस यातच सापडतो. दुसरा बॅकड्राफ्ट. खिडक्या-दारे बंद असलेल्या खोलीत आगीला हवा कमी पडते. ज्वाळा दिसत नाहीत, पण आत प्रचंड धग आणि जळण्याजोगा धूर कोंडलेला असतो. बाहेरच्याने दार धाडकन उघडले की हवा आत शिरते आणि भडका दारातून बाहेर येतो. कुलूपबंद दुकानातून धूर येताना दिसला तर शटर उचलण्याची घाई करू नये, ती याचसाठी.

शिक्षकहो, पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागली. मुलांचे दुपारचे जेवण रांधायच्या जागी ती सुरू झाली आणि गवताच्या छपराला लागली. वरच्या मजल्यावर मुले दाटीने बसलेली. बाहेर पडायची वाट अरुंद. ९४ मुले गेली. त्यानंतर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००९ साली न्यायालयाने देशातल्या शाळांनी आगीपासून संरक्षणाची व्यवस्था केलीच पाहिजे असे आदेश दिले. आपल्या महाराष्ट्रातही ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे आगीने आणि धुराने गेली. कुंभकोणमची मुले पायांनी चालणारी होती. त्यांना वाट नव्हती. भंडाऱ्याची बाळे पाळण्यातली होती; त्यांना उचलणारे हात वेळेवर पोचायला हवे होते. 'सुटकेची वाट' हा शब्द या दोन्ही ठिकाणी किती महाग पडला, पाहा. शाळेच्या जिन्याखाली मोडकी बाके रचून ठेवणे, दुसरे दार कुलूप लावून ठेवणे, खिचडीची चूल वर्गाला चिकटून मांडणे, या रोजच्या साध्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत. त्या सुधारायला पैसा फारसा लागत नाही.

आता कोणत्या आगीला काय, हे थोडक्यात. आगीचे वर्ग पाडलेले आहेत. लाकूड, कापड, कागद, कापूस, कडबा अशा घन वस्तूंची आग हा ए वर्ग, तिला पाणी. पेट्रोल, डिझेल, रॉकेल अशा द्रवांची आग हा बी वर्ग. तिच्यावर पाणी टाकले तर तेल पाण्यावर तरंगून आग पसरते. तिला फेस, पावडर, नाहीतर कोरडी वाळू-माती. गॅसची आग हा सी वर्ग; आधी रेग्युलेटर बंद करा. तो बंद करता येत नसेल तर ज्योत विझवण्याच्या मागे लागू नका, कारण विझलेल्या ज्योतीतून सुटणारा गॅस घरात साठतो आणि मग स्फोट होतो. माणसे दूर न्या, आणि दुरून पाणी मारून टाकी व भोवताल थंड ठेवा. काही धातूंची आग हा डी वर्ग, ती कारखान्यातली. विजेच्या आगीत पहिले काम मेन स्विच पाडणे, किंवा लाइनमनला सांगून डी. पी. बंद करणे, त्याआधी पाण्याचा थेंबही नको.

आणि कढईतले तेल पेटले तर? मायबहिणींनो, हे लक्षात ठेवा. पाणी नको, कढई उचलून पळणे नको. शेगडी बंद करा, झाकण सरकवा आणि निवू द्या. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते. तापलेल्या तेलात पडलेले भांडेभर पाणी एका क्षणात वाफ होते आणि जळते तेल घरभर उडवते.

शाळेत, बँकेत भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले असते. ते वापरायचे असे. पिन ओढा. नळीचे तोंड आगीच्या बुडाशी धरा. वरची मूठ दाबा. आणि केरसुणीने अंगण झाडावे तशी नळी या बाजूकडून त्या बाजूकडे फिरवा. नळकांडे फार वेळ पुरत नाही, काही सेकंदांत संपते. म्हणून ते लहान आगीसाठीच. पाठ नेहमी दाराकडे ठेवायची, म्हणजे परत फिरता येते.

आता क्रम. बैल बांधलेला राहिला तो क्रम चुकल्यामुळे. चार शब्द पाठ करा. सोडवा, कळवा, कोंडा, विझवा. आधी माणसे आणि जनावरे सोडवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०१ किंवा ११२ ला कळवावे: गाव कोणते, फाटा कोणता, काय जळते आहे, आत कोणी आहे का, आणि पाणी जवळ कुठे आहे. मग आग कोंडा. बाहेर पडताना दारे लोटून घ्या, शेजारचे जळण दूर करा. आणि शेवटी, आपल्या आवाक्यातली असेल तर, विझवा. आपण नेमके उलटे करतो. आधी विझवायला धावतो, आणि सोडवायचे शेवटी आठवते.

यासाठी गावाला नवी संघटना हवी असे नाही. आपल्या पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी साऱ्या गावाचे, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले. जागल्या राखण करी, पाटकरी पाणी देई, हवालदार सगळ्यांवर नजर ठेवी. पाण्याची पाळी आली म्हणजे कोणाचे काम कोणते, यावर गोंधळ होत नसे. आगीसाठी हेच तिघे नेमा. आगीचा जागल्या फोन करील आणि फाट्यावर उभा राहून बंबाला वाट दाखवील. आगीचा पाटकरी विहिरीचा पंप सुरू करील, आणि भरलेल्या बादल्यांची एक रांग, रिकाम्यांची दुसरी, अशा दोन रांगा लावील. आगीचा हवालदार एकटा हुकूम देईल, आणि बंब आला की तो हुकूम जवानांच्या प्रमुखाकडे सोपवून बाजूला होईल. बघ्यांनी रस्ता मोकळा ठेवणे, हेही कामच आहे.

शाळेत वर्षातून दोनदा तरी सराव करा. रोजच्या घंटेपेक्षा वेगळी घंटा ठरवा. मुलांनी दप्तरे जागेवर ठेवून, न धावता, रांगेने मैदानात यायचे. गुरुजींनी एकच वस्तू बरोबर घ्यायची, हजेरीपट. मैदानात हजेरी झाल्याशिवाय कोण आत राहिले ते कळत नाही. परधाड्याच्या त्या दुपारी डब्यात अशी सवय असलेली चार माणसे जरी असती, तरी 'थांबा, आधी बघू, कोणत्या बाजूला उतरायचे ते ठरवू' असे कोणीतरी म्हटले असते.

कायदाही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हे त्याचे नाव. त्याखाली येणाऱ्या इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि जानेवारी व जुलै अशी वर्षातून दोनदा तिची तपासणी करून प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा बाजार समितीत, जिनमध्ये, मंगल कार्यालयात गेलात की भिंतीवरच्या नळकांड्यावरची तारीख वाचायला संकोच करू नका.

आमचे तात्या आता नाहीत. त्यांना आगीचे दोन शब्द येत होते, आणि त्यांनी चार-पाच घरे वाचवली. तिसरा शब्द त्या दिवशी कोणालाही आला असता, तर तो बैलही वाचला असता. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या मुलांना एवढेच विचारा: आग लागली तर आपण कोणत्या दाराने बाहेर पडायचे, आणि कुठे जमायचे? उत्तर आले नाही, तर जेवण होताच त्यांना घेऊन ते दार आणि ती जागा दाखवून या.